जबड्याला मागे एकच प्लेट का?

प्रश्न: सिंहगड रोडवर दुचाकी घसरून माझ्या मुलाचा (वय २२) खालचा जबडा दोन ठिकाणी फ्रॅक्चर झाला, डावीकडे अक्कलदाढेपाशी आणि उजवीकडे सुळ्याजवळ. एक्स-रेत पुढे दोन प्लेट दिसतात, मागे एकच आणि तीही बारीक. काम अर्धवट राहिलं का? तिसरा आठवडा चालू आहे, दुखत नाही म्हणून तो भाकरी मागतोय. देऊ का?
– एक आई, धायरी

उत्तर: ताई, काम अर्धवट नाही. हाडाचा चुरा झालेला नसेल, तर मीही तिथे एकच प्लेट लावते. भाकरी मात्र आत्ता अजिबात नको.

चावण्याचे दणकट स्नायू जबड्याचा मागचा कोपरा वर खेचतात, हनुवटीखालचे स्नायू पुढचा भाग खाली ओढतात. त्यामुळे कोपऱ्यातल्या फ्रॅक्चरची फट वरच्या काठाला उघडते आणि खालचे काठ एकमेकांवर दाबले जातात. मग वरची फट बांधली की पुरतं, खालचा भार हाडच पेलतं. फ्रान्समधल्या स्त्रासबुर्गचे सर्जन मॅक्सिम शाँपी यांनी १९७८ साली जबड्यावर या प्लेटच्या रेषाच आखून दिल्या. स्क्रूही हाडाच्या फक्त बाहेरच्या थरात बसवतात, कारण आत दातांची मुळं आहेत आणि खालच्या ओठाला संवेदना देणारी नस आहे.

प्रयोगशाळेत दोन प्लेट जास्त घट्ट ठरतात, हे खरं. पण १९९०च्या दशकात अमेरिकेत डॅलसला दोन्ही पद्धतींचे रुग्ण पाहिले गेले, तेव्हा एका प्लेटवाल्यांना त्रास कमी झाला. माझ्या मते याचं कारण रक्तपुरवठा. दुसऱ्या प्लेटसाठी हाडावरचं आवरण आणखी सोडवावं लागतं.

हनुवटीजवळ हाड नुसतं वाकत नाही, पिळलं जातं. एकाच प्लेटभोवती तुकडा फिरेल, म्हणून तिथे चार-पाच मिलिमीटर अंतरावर दोन लावतात.

आता भाकरी. फ्रॅक्चरच्याच बाजूच्या दाढेखाली कडक घास आला की गणित उलटतं. वरचा काठ दाबला जातो, खालचा उघडतो, आणि तिथे धरायला प्लेट नाही. दुखत नाही म्हणजे हाड जुळलं, असं नाही हो. सहा आठवडे होईपर्यंत गुरगुट्या भात, मुगाचं वरण, मऊ खिचडी एवढंच. भाकरी हवीच असेल तर आमटीत पार विरघळेपर्यंत कुस्करून, न चावता गिळता येईल अशी द्या. मिसळीचं फरसाण, चिवडा, ऊस लांबच ठेवा. सिगारेट-तंबाखू असेल तर ती आजच बंद, त्याने हाड जुळायला उशीर होतो आणि जखम चिघळते.

दात पूर्वीसारखे एकमेकांवर बसेनासे झाले, फ्रॅक्चरच्या जागी हललेलं जाणवलं, सूज वाढली किंवा पू आला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी सर्जनना दाखवा. आणि तो पुन्हा गाडी चालवायला लागेल तेव्हा अर्धं हेल्मेट नको, हनुवटी झाकणारं पूर्ण घ्या.