एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये) 7 विजयांचा संघ प्लेऑफमध्ये आणि 10 विजयांचा बाहेर, असं कसं होतं?

कारण डिव्हिजन जिंकणाऱ्याची जागा पक्की असते, मग विजय कितीही कमी असोत. दोन कॉन्फरन्स, प्रत्येकीत चार संघांच्या चार डिव्हिजन. चारही विजेते थेट जातात आणि उरलेल्यांतले सर्वोत्तम वाइल्ड कार्डवर. तुम्ही विचारताय तो 2010चा हंगाम. सिअ‍ॅटल सीहॉक्स 7-9 (7 विजय, 9 पराभव) असूनही एनएफसी कॉन्फरन्सच्या वेस्ट डिव्हिजनमध्ये पहिले आले, तर न्यूयॉर्क जायंट्स आणि टँपा बे बकनियर्स 10-6 असून घरी बसले. वर सीहॉक्सना पहिला सामना घरच्या मैदानावर मिळाला आणि 11-5 असलेल्या न्यू ऑर्लिन्स सेंट्सना त्यांनी 41-36 असं हरवलंही! (घरच्या मैदानाचा हा हक्क मला तरी पटत नाही, जागा द्या, यजमानपद कशाला?)

10-6 वर ग्रीन बे पॅकर्सही होते. शेवटची जागा त्यांना मिळाली, कारण त्यांनी हरवलेल्या संघांची एकत्रित कामगिरी सरस होती. पुढे सुपर बोल, म्हणजे अंतिम सामनाही त्यांनीच जिंकला. लीगच्या टायब्रेकर नियमांत (बरोबरीतल्या संघांतून निवडण्याच्या) आयपीएलच्या नेट रनरेटसारखा गुणफरक फार खाली येतो. वाइल्ड कार्डसाठी साधारण क्रम असा:

- आपसातले सामने
- कॉन्फरन्समधली कामगिरी
- समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची कामगिरी (किमान चार सामने)
- हरवलेल्या संघांची ताकद

फक्त एक लक्षात घ्या: तेव्हा वाइल्ड कार्ड दोनच होती. 2020 पासून प्रत्येक कॉन्फरन्समध्ये तीन आहेत, म्हणजे आजच्या नियमाने त्या दोघांपैकी एक आत आला असता.