सीमेवर जप्त झालेली कोंबडी आणि १,३०० डॉलरचा दंड

प्रश्न: आम्ही चौघे मित्र मिनियापोलिसला राहतो. दर उन्हाळ्यात मासेमारीसाठी ओंटारिओत जातो, तळ्याकाठी केबिन घेतो आणि आठवडाभर हातानेच रांधतो. यंदा इंटरनॅशनल फॉल्सचा पूल ओलांडून फोर्ट फ्रान्सिसला पोचलो. मांस, अंडी, दूध, भाजीपाला काही आहे का, असं अधिकाऱ्याने विचारलं. गाडी चालवणारा मित्र म्हणाला, "नाही, थोडा खाऊ आहे." डिकी उघडल्यावर माझ्या कूलरमध्ये दही-आलं-लसूण लावून ठेवलेली तीन किलो कोंबडी आणि ओळखीच्या शेतावरची अंडी निघाली. माल जप्त झाला आणि माझ्या नावाने १,३०० कॅनेडियन डॉलरच्या दंडाची नोटीस निघाली. त्याला सहा दिवस झाले. मी तर तोंडही उघडलं नव्हतं. दंड भरू की लढू? माझ्याकडे ग्रीन कार्ड आणि नेक्सस (अमेरिका-कॅनडा सीमा झटपट ओलांडण्याचं सदस्यत्व) आहे, पुढच्या वर्षी अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज करायचाय. दंड चौघांत वाटून घेता येईल का?

उत्तर: आधी कॅलेंडर बघा. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत भरलीत तर निम्मी रक्कम, म्हणजे ६५० डॉलर पुरतात. दाद मागायची असेल तर ३० दिवस आहेत: एक तर संबंधित खात्याच्या मंत्र्यांकडे, नाहीतर थेट कॅनडा अ‍ॅग्रिकल्चरल रिव्ह्यू ट्रायब्युनल या न्यायाधिकरणाकडे. एकाच वेळी दोन्ही दगडांवर पाय ठेवता येत नाही. पैसे भरले की उल्लंघन तुम्हाला मान्य आहे असं धरलं जातं आणि प्रकरण तिथेच मिटतं.

आता तुमची बाजू किती टिकेल ते सांगतो. हा दंड शेतीविषयक प्रशासकीय दंडांच्या कायद्याखाली येतो आणि त्याचं कलम १८ फार कोरडं आहे. मी पुरेशी काळजी घेतली होती, किंवा माझा प्रामाणिक समज वेगळा होता, हे दोन्ही बचाव ते सरळ नाकारतं. म्हणजे "मला माहीत नव्हतं" हे खरं असलं तरी उपयोगाचं नाही. "मी बोललोच नाही" हे तर उलट अंगावर येईल. प्राण्यांच्या आरोग्याच्या कायद्यातलं कलम १६ सांगतं की प्राणिजन्य वस्तू देशात आणणाऱ्याने ती अधिकाऱ्यासमोर मांडली पाहिजे. आणणारे तुम्ही, कूलर तुमचा. मित्राचं "नाही" तुम्ही शेजारी बसून ऐकलंत आणि दुरुस्त केलं नाहीत.

ट्रायब्युनलला दयामाया दाखवण्याचा अधिकारही नाही. उल्लंघन झालं का आणि रक्कम नियमाप्रमाणे आहे का, एवढंच ते बघतं. सुट्टीचा विचका झाला, पहिलीच वेळ होती, पोरं लहान आहेत, असल्या अर्जांचं काय होतं ते मी पाहिलंय. मात्र एक गोष्ट नीट आठवा. डिकी उघडण्याआधी तुमच्यापैकी कोणी, पहिल्या खिडकीशी किंवा आत तपासणीला घेतल्यावर, कोंबडीचं नाव काढलं होतं का? काढलं असेल, किंवा नोटिशीत माणूस किंवा माल चुकीचा लिहिला असेल, तर लढण्यात अर्थ आहे, कारण उल्लंघन सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारी बाजूवर असते. यातलं काहीच नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे: ६५० डॉलर भरा आणि पावती फाइलला लावा.

मित्रांचं म्हणाल, तर कायद्याच्या लेखी दंड तुमच्या एकट्याचा. त्यांनी वाटून घेतला तर तो त्यांचा चांगुलपणा. ज्याने "नाही" म्हटलं त्याने निदान पेट्रोल तरी भरावं, असं मला वाटतं.

नागरिकत्वाची धास्ती घेऊ नका. प्रशासकीय दंडांच्या त्याच कायद्याच्या कलम १७ प्रमाणे हे उल्लंघन गुन्हा धरलं जात नाही, त्यामुळे तुमच्यावर गुन्हेगारीचा शिक्का बसलेला नाही. पण नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात प्रश्न असा आहे की कुठल्याही अधिकाऱ्याने तुम्हाला कधी अटक केली, ताब्यात घेतलं किंवा ठपक्याची नोटीस दिली का. तिथे लपवाछपवी नको. तुमच्या इमिग्रेशन वकिलाला नोटीस दाखवा. माझा कल "हो" लिहून चार ओळींचा खुलासा आणि पावती जोडण्याकडे आहे. दंड भरल्यावर पाच वर्षांनी, मध्ये नवं उल्लंघन नसेल तर, ही नोंद काढून टाकण्यासाठी अर्जही करता येतो. आपोआप ती निघत नाही.

खरा फटका नेक्ससला बसू शकतो. तुम्ही त्या दिवशी नेक्ससच्या नव्हे, साध्या रांगेत असलात, तरी सीमेवरचं उल्लंघन सदस्यत्व रद्द करायला पुरेसं कारण ठरतं. तसं पत्र आलं तर त्यावर वेगळं अपील करता येतं. पत्र आल्याशिवाय तुम्ही होऊन काही लिहू नका.

पुढच्या फेरीचं बोलू. कोंबडी आणि अंडी सांगितली असतीत, तर फार तर ती केराच्या टोपलीत गेली असती आणि तुम्ही तळ्यावर वेळेत पोचला असतात. बर्ड फ्लूमुळे अमेरिकेतल्या कोंबडी-अंड्यांचे नियम वरचेवर बदलतात. दुकानाचं सीलबंद पाकीट आणि त्यावर उत्पादनाचा देश, एवढं तरी हवंच. घरी मसाला लावलेल्या डब्यावर यातलं काहीच नसतं, त्यामुळे मॅरिनेशन केबिनवर करा. अंडी माणशी दोन डझन, दूध-दही-पनीर-लोणी मिळून माणशी २० कॅनेडियन डॉलरपर्यंत. त्यापुढे जकात इतकी जबर आहे की पनीर सोन्याच्या भावात पडेल. बिअर माणशी ३५५ मिलीचे २४ कॅन, आणि ओंटारिओत वय १९ पूर्ण हवं. प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा माल लिहिलेली यादी आणि दुकानाची बिलं गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवा. विचारल्यावर यादीच हातात द्या. डाळ-तांदूळ, पीठ, मसालेही त्यात लिहा. ताजी कोंबडी आणि भाजी फोर्ट फ्रान्सिसला घेतलीत तर हा सगळा घोरच नाही.

आमिषाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो, कारण तिथे वेगळा कायदा लागतो. जिवंत मासे किंवा जळवा आमिष म्हणून ओंटारिओत नेता येत नाहीत. गांडुळं चालतात, पण मातीत नाही, कृत्रिम भुशात. सरपणही घरून नेऊ नका. परतताना माशांच्या फिलेवर (काटे काढलेल्या तुकड्यांवर) कातडीचा तुकडा राहू द्या आणि फिले अशा बांधा की मासा कोणत्या जातीचा आणि नग किती ते उघडून न बघता कळेल. परतीच्या नाक्यावर अमेरिकन अधिकाऱ्यालाही मासे आणि उरलेली फळं-भाजी सांगायची आहेच. या वेळी तोंड तुम्ही उघडा.