बहुगुणी नव्हे, बहुगुणित

प्रश्न : बटाट्याच्या जनुकांवरच्या एका लेखात 'बहुगुणी पीक' आणि 'मात्रेचे अनुमान' असे शब्द वाचले. दोन्ही बरोबर आहेत का?

पहिला साफ चूक, आणि सारखा कानावर येतो. बहुगुणी कडुनिंब असतो. ज्याच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनाहून जास्त संच असतात ते पीक बहुगुणित. बटाट्यात १२ गुणसूत्रांचे चार संच, एकूण ४८. त्यात गुण किती, ते मधुमेह्यांना विचारा.

गंमत अशी की दोन्ही शब्दांतला 'गुण' एकच. संस्कृतात गुण म्हणजे धागा, दोरी, धनुष्याची प्रत्यंचासुद्धा. आपट्यांचा कोश उघडा. द्विगुण म्हणजे दोन पेडांचे, म्हणून दुप्पट. 'बे दुणे चार'मधले दुणे तिथलेच. गीतेतले गुण (१४.५) देहीला 'बांधतात', ते उगीच नाही. १९०५ साली वनस्पतिशास्त्रज्ञ श्ट्रासबुर्गरने हॅप्लॉइड-डिप्लॉइड (एकगुणित-द्विगुणित) हे शब्द घडवले तेही ग्रीक 'हाप्लूस' आणि 'दिप्लूस', म्हणजे एकपदरी आणि दुपदरी, यांवरून. तरी परिभाषापंडित 'गुणित'मध्ये निव्वळ गुणाकार पाहतात!

माझे ऐकाल तर सरळ चौपेडी बटाटा, सहापेडी गहू म्हणा (आपला खपली मात्र चौपेडीच). यावर ठरलेला आक्षेप : पेड म्हटले की डीएनएचा दुहेरी गोफ आठवून घोटाळा होईल. ज्यांना 'गुणसूत्र' या दोरी-दोऱ्याचा कधी घोटाळा झाला नाही, त्यांनी ही काळजी करू नये.

शिवाय अशा पिकाची जनुके वाचताना संगणकाचे काम पेड सोडवण्याचेच आहे. डीएनएच्या एखाद्या जागी चारपैकी किती प्रतींत बदललेले अक्षर आहे, ही झाली मात्रा. शून्य ते चार, पाच शक्यता. यंत्र डीएनएचे तुकडे वाचते; त्या जागेच्या १२ वाचनांत ते ३ वेळा दिसले तर मात्रा एक वाटते, पण मात्रा दोन असतानाही निव्वळ योगायोगाने शंभरात पाचेकदा तसेच दिसते. त्यात काही प्रती जास्त वाचल्या जातात, काही अक्षरे चुकीची वाचली जातात. 'अपडॉग'सारखी संगणकी साधने हा सगळा कल हिशेबात धरून प्रत्येक मात्रेची संभाव्यता काढतात. म्हणून 'अनुमान' अगदी योग्य. 'संगणकाने मात्रा मोजली' लिहिणाऱ्यांनी ते गिरवावे. आणि दोन बदल एकाच पेडावर आहेत की वेगवेगळ्या, हे मात्रेवरून कळतच नाही. त्यासाठी दोन्ही जागा ओलांडणारी लांब वाचने शोधावी लागतात.

हो, 'मात्रा' चालेल.