छिन्नी टाकून फुटबॉल : फर्गस सुटरविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पहिला व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणून कुठे फर्गस सुटरचं नाव येतं, कुठे जेम्स लव्हचं. खरा कोण?

उत्तर : दोघेही स्कॉटलंडमधल्या ग्लासगोकडच्या पार्टिक क्लबचे आणि दोघेही १८७८ मध्ये इंग्लंडमध्ये, लँकेशायरमधल्या डार्वेन या गिरणगावात आले. पैसे चोरून दिले जायचे, तेव्हा 'पहिला' ठरवणार कसं? लव्हचा खेळ लवकर थांबला, सुटर दहा वर्षं टिकला. माझं मत सुटरला.

प्रश्न : पैसे घेणं नियमात बसत नव्हतं, मग तो जगायचा कशावर?

उत्तर : लोकांना सांगायला तो पाथरवट होता. ऑक्टोबर १८७८ मध्ये सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली आणि तिकडची बांधकामं थंडावली. डार्वेनला येऊन त्यानं छिन्नी धरली, पण लवकरच टाकलीही. सबब काय, तर इंग्लंडचा दगड फार कठीण, हात सुजतात! (पाथरवटानं दगडाला नावं ठेवावीत, म्हणजे कमालच.) ठरलेला पगार नव्हता, हे पुढे त्यानंच सांगितलं. गरज पडली की खजिनदाराला गाठायचं. तीन-तीन आठवडे काहीच नाही, मग एकदम दहा पौंड.

डार्वेनला त्याचा मोबदलाही मिळाला. १८७९ च्या एफए कप या इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत ओल्ड इटोनियन्सविरुद्ध (ईटन या बड्या घरच्या मुलांच्या शाळेतल्या माजी विद्यार्थ्यांचा संघ) १-५ असे मागे पडलेले हे गिरणीवाले ५-५ पर्यंत आले. साहेबलोकांनी जादा वेळ खेळायला नकार दिला. पुन्हा २-२. तिसऱ्या सामन्यात मात्र २-६ अशी हार. तिन्ही सामने लंडनमध्ये, म्हणजे दर वेळी गाडीभाडं आलं आणि मजुरीही बुडाली. गावानं वर्गणी काढून पोरांना पाठवलं. त्याच गावाला सोडून १८८० मध्ये सुटर शेजारच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे गेला. डार्वेनकरांचा संताप मला तरी समजतो.

प्रश्न : पुण्याच्या वेंकीजनं घेतलेला क्लब तो हाच का?

उत्तर : हाच, २०१० मध्ये घेतला. एक घोटाळा मात्र टाळा. १८८३ चा कप ब्लॅकबर्नमध्ये आला तो ऑलिम्पिक या दुसऱ्या संघामुळे. रोव्हर्स आदल्या वर्षी अंतिम सामन्यात हरले होते. पुढे १८८४, १८८५ आणि १८८६ असे सलग तीन कप त्यांनी जिंकले, सुटरसह.

प्रश्न : जुलै १८८५ मध्ये पैसे घ्यायला परवानगी मिळाल्यावर त्याची चांदी झाली असेल ना?

उत्तर : फारशी नाही. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. १८८८ मध्ये बारा क्लबांची लीग सुरू झाली, त्यात रोव्हर्सही होते. सुटरच्या वाट्याला लीगचा एकच सामना आला, डिसेंबर १८८८ मध्ये, वेस्ट ब्रॉमविच अल्बियनविरुद्ध. जन्मभर बचावफळीत खेळलेल्या या माणसाला त्या दिवशी गोलकीपर म्हणून उभं केलं होतं.