कसारा घाट न्यूट्रलमध्ये उतरावा का?

प्रश्न : आमचे हे आयशर चालवतात. पिंपळगावहून द्राक्षं भरून वाशी मार्केटला जातात. कसारा घाटात गाडी न्यूट्रलवर सोडली की डिझेल वाचतं, असं त्यांचं म्हणणं. मी सोबत असले की जीव मुठीत धरून बसते. खरंच काही वाचतं का?
– एक वाचक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : ताई, काही वाचत नाही. उलट थोडं जास्तच जळतं.

आधी डिझेलचं बघू. गाडी गिअरमध्ये आहे, पाय अॅक्सिलरेटरवरून काढलेला आहे, तेव्हा चाकंच इंजिनाला फिरवतात आणि पंप डिझेल बंद करतो. न्यूट्रल केलं की चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो. मग इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला डिझेल पाजत राहावं लागतं. वीस मिनिटांच्या उतारात ते पाव लिटरच्या आत-बाहेर असेल, पण ते खर्चाच्या बाजूला मांडायचं, बचतीच्या नाही.

आता भीतीचं. इगतपुरीहून कसाऱ्याला उतरताना रस्ता साधारण 300 मीटर खाली येतो. मालासकट गाडी 12 टनांची धरली तर एवढ्या उंचीची ऊर्जा होते सुमारे 35 मेगाज्यूल. एक लिटर डिझेल जाळलं तर जवळपास एवढीच उष्णता निघते. आकडा लहान वाटतो ना? अकरावीच्या वर्गात मी हे गणित घालायचो, तेव्हा पोरंही हसायची. मग पुढचं विचारायचो : ही ऊर्जा कुठेच अडवली नाही तर खाली पोचताना वेग किती? उत्तर येतं ताशी 275 किलोमीटरच्या आसपास. त्यात वजन येतच नाही, भरलेली गाडी असो की रिकामी. हवा आणि टायर थोडं खातात म्हणून प्रत्यक्षात एवढा होत नाही, पण उरलेलं सगळं कुणीतरी पचवायलाच हवं.

न्यूट्रलमध्ये ते एकट्या ब्रेकवर येतं. ब्रेक ऊर्जा नाहीशी करत नाही, तिची उष्णता करतो. 35 मेगाज्यूलमध्ये 100 लिटर गार पाणी उकळीला येतं, आणि तेवढ्याच वजनाचं लोखंड तापायला पाण्याच्या साधारण नवव्या हिश्श्याइतकीच उष्णता पुरते. ब्रेकचा ड्रम तापून फुगतो, त्याला आतून घासणाऱ्या लायनरपासून लांब जातो, लायनरची पकड सुटत जाते. घाटात तो जळका वास येतो, तो ह्याचाच. गाडी जोरात उतरली तर तीच उष्णता कमी वेळात तयार होते आणि ड्रमला निवायला फुरसत मिळत नाही. शिवाय हवेचे ब्रेक असले तर त्यांचा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. इंजिन आयडलवर हळू फिरत असताना ब्रेक पुन्हा पुन्हा दाबले की टाकीतला दाब उतरतो.

गिअरमध्ये असताना ह्यातला मोठा वाटा इंजिन घेतं. आतली हवा दाबण्यात, ढकलण्यात आणि घर्षणात ऊर्जा जाते, रेडिएटर आणि सायलेन्सरमधून बाहेर पडते. एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनाला आवळणारा) असेल तर आणखी. (समृद्धीच्या बोगद्यातून गेलात तरी उंची तेवढीच उतरायची आहे, हे ह्यांना सांगाच.)

रेल्वेचं नशीब चांगलं. ह्याच घाटातल्या (थळ घाट म्हणतात तोही हाच) रेल्वेमार्गावर 37 मीटरला 1 मीटर असा उतार आहे. तिथून उतरणारं विजेवरचं थ्री-फेज इंजिन मोटरचं जनित्र करून वीज वरच्या तारेत परत पाठवतं. डिझेलच्या आयशरला ती सोय नाही.

तेव्हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम धरा : ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा. आणि तो गिअर उतार लागायच्या आधी टाकायचा. मध्येच वेग वाढल्यावर खालचा गिअर टाकायला गेलं तर तो पडत नाही, आणि गाडी नको तेव्हा न्यूट्रलमध्येच राहते.