वक्र पत्र्यावर पाणी किती जोर लावतं? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दोन पुस्तकांत जवळपास एकच उदाहरण आहे. पाव वर्तुळाच्या आकाराचा दरवाजा, त्रिज्या २ मीटर, रुंदी ३ मीटर, पाणी वरच्या कडेपर्यंत. आडवं बल दोन्हीकडे ५८.८६ किलोन्यूटन येतं, पण उभं बल एकात ९२.४६ आणि दुसऱ्यात २५.२६. छपाईची चूक आहे का? आणि पाणी पत्र्याच्या खालच्या बाजूला असेल तर वर पाणीच नाही, मग उभं बल शून्य धरायचं का?
— डिप्लोमाची विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर : दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. फरक वर्तुळाचा मध्य कुठे आहे याचा आहे, आणि आकृती न काढता सूत्रात आकडे घातले की तो दिसतच नाही.

आडवं बल आधी उरकू. पत्रा कसाही वाकलेला असो, समोरून बघितल्यावर त्याची जी सपाट सावली दिसते, तेवढंच क्षेत्रफळ घ्यायचं. इथे ती २ × ३ = ६ चौरस मीटर. तिचा गुरुत्वमध्य पाण्याखाली १ मीटर. एक घनमीटर पाण्याचं वजन ९.८१ किलोन्यूटन, म्हणून ९.८१ × १ × ६ = ५८.८६ किलोन्यूटन. हे बल पातळीपासून १.३३ मीटर खाली लागतं. कित्येक जण इथे पत्र्याचं खरं, वाकलेलं क्षेत्रफळ (९.४२ चौ. मी.) घेतात आणि तिथेच घसरतात. दाब प्रत्येक बिंदूवर पत्र्याला लंब असतो, त्याची दिशा सारखी बदलत जाते, त्यामुळे पूर्ण क्षेत्रफळाला सरसकट गुणून चालत नाही.

आता उभं बल. पत्र्यापासून थेट पाण्याच्या पातळीपर्यंत उभ्या रेषा ओढा. मध्ये जो आकार अडकतो, तेवढ्या पाण्याचं वजन म्हणजे उभं बल. पहिल्या पुस्तकात मध्य पातळीवर आहे आणि पाणी पत्र्याच्या पोकळ बाजूला. अडकलेला आकार पूर्ण पाव वर्तुळ, ३.१४ चौ. मी., त्याला ३ मीटर रुंदीने आणि ९.८१ ने गुणलं की ९२.४६ किलोन्यूटन खाली. दुसऱ्या पुस्तकात मध्य तळाच्या पातळीवर, कोरड्या बाजूला आहे. पत्रा पाण्याकडे फुगलेला आहे आणि पाणी त्याच्या खांद्यावर बसलं आहे. आकार उरतो चौरस वजा पाव वर्तुळ : ४ − ३.१४ = ०.८६ चौ. मी. त्याचे २५.२६ किलोन्यूटन.

शेवटचा प्रश्न मार्क घालवणारा आहे. पहिलाच पत्रा घ्या, पण पाणी बाहेरच्या, फुगीर बाजूला, म्हणजे खालून. वर पाणी नाही म्हणून बल शून्य होत नाही. त्याच पाव वर्तुळात पाणी आहे असं कल्पा, वजन तेच ९२.४६, फक्त दिशा वर. कारण साधं आहे : दाब खोलीवर ठरतो, आणि पत्र्याच्या पाठीमागे काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

उत्तर तपासायची खात्रीची रीत अशी. वर्तुळाकार पत्र्यावरचा प्रत्येक दाब मध्यातून जातो, म्हणून एकूण बलही मध्यातूनच गेलं पाहिजे. पहिल्या उदाहरणात मध्याभोवती आडव्याचं आघूर्ण (फिरवण्याचा जोर, म्हणजे बल गुणिले मध्यापासूनचं अंतर) ५८.८६ × १.३३३ आणि उभ्याचं ९२.४६ × ०.८४९, दोन्ही ७८.५. दुसऱ्यात ५८.८६ × ०.६६७ आणि २५.२६ × १.५५३, दोन्ही ३९.२. जुळलं नाही तर दिशा किंवा क्षेत्रफळ चुकलं आहे. परीक्षेत ही तपासणी मिनिटभरात होते.

पाणी वरच्या कडेच्याही १ मीटर वर असेल तर पहिल्या उदाहरणात आडवं बल दुप्पट, ११७.७२, होतं, पण उभं दुप्पट होत नाही. पाव वर्तुळावर २ × १ चा आयत वाढतो, म्हणून ते १५१.३ किलोन्यूटन.

प्रश्न : सोसायटीत पावसाच्या पाण्यासाठी फायबरची आडवी गोल टाकी पुरायची आहे : व्यास २ मीटर, लांबी ४ मीटर, वर अर्धा मीटर माती. पावसाळ्यात खड्डा जमिनीपर्यंत भरतो. रिकामी टाकी वर येईल का?
— सोसायटीचे सेक्रेटरी, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : नुसती ठेवली तर नक्की येईल. टाकीच्या खालच्या अर्ध्या भागावर पाणी १८.२८ टनांनी वर ढकलतं, वरच्या अर्ध्यावर ५.७२ टनांनी खाली दाबतं. वजाबाकी १२.५७ टन, म्हणजे टाकीच्या आकारमानाइतक्या पाण्याचं वजन. टाकीचं स्वतःचं वजन ५०० किलो धरलं तर ते यापुढे किरकोळ आहे.

१.२ चा सुरक्षा गुणक लावून टाकीला खाली धरून ठेवणारं वजन १५.०८ टन हवं असं धरा. टाकीच्या डोक्यावर ५.७२ घनमीटर माती येते, पण पाण्याखाली तिचं वजन घनमीटरला साधारण ८०० किलोच मोजायचं, म्हणजे ४.५७ टन. ही माती आणि टाकीचा स्वतःचा अर्धा टन वजा करून उरले दहा टन काँक्रीटच्या पायाकडून हवेत. काँक्रीटही पाण्याखाली घनमीटरला २४०० नाही, १४०० किलोच भरतं, म्हणून ७.१५ घनमीटर लागेल. ५ × ३ मीटरचा, ५० सेंटिमीटर जाडीचा स्लॅब पुरतो. टाकी त्याला पट्ट्यांनी बांधायला हवी, नाहीतर स्लॅब खाली राहील आणि टाकी वर. ठेकेदार हमखास करतो ती चूक म्हणजे काँक्रीट २४०० ने मोजून स्लॅब पातळ करणं. आणि भर पावसात धुण्यासाठी टाकी उपसू नका. तेव्हाच ती सगळ्यात हलकी असते आणि बाहेरचा दाब टाकीची भिंत आत चेपायला बघतो.

प्रश्न : कोयनेचे सहा वक्र दरवाजे एवढ्या पाण्याच्या जोराविरुद्ध उचलतात कसे? आमच्या इथल्या धारण तलावांच्या (भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवणाऱ्या तळ्यांच्या) फ्लॅप गेटलाही, म्हणजे खाडीचं पाणी आत येऊ न देणाऱ्या झडपेलाही, हेच गणित लागतं का?
— वाचक, वाशी

उत्तर : वक्र दरवाज्याचा मध्य त्याच्या बिजागरीच्या पिनवर असतो. पाण्याचं एकूण बल त्या पिनमधूनच जातं, त्यामुळे ते दरवाजा फिरवतही नाही आणि अडवतही नाही. उचलताना त्याचं वजन, बाजूच्या रबरी सीलचं घर्षण आणि पिनचं घर्षण एवढंच पेलायचं. २ × ३ मीटरचा सपाट, खाचेत सरकणारा दरवाजा घेतला तर ५८.८६ किलोन्यूटनवर ०.४ घर्षणानेच साडेतेवीस किलोन्यूटनची ओढ वाढते. मात्र पत्र्याचा मध्य पिनपासून ५ सेंटिमीटर सरकला तर पहिल्या उदाहरणातल्या आडव्या आणि उभ्या बलांच्या मिळून १०९.६ किलोन्यूटनच्या बलाने साडेपाच किलोन्यूटन-मीटरचं आघूर्ण तयार होतं, म्हणून बनवतानाच त्रिज्या काटेकोर ठेवतात.

फ्लॅप गेटची झडप सपाट धरली तर गणित सोपं, पण दोन्हीकडचं पाणी मोजावं लागतं. खाडीचं पाणी घनमीटरला १०२५ किलो धरा. भरतीला बाहेर २ मीटर आणि तलावात १ मीटर पाणी, रुंदी ३ मीटर असेल तर बाहेरून ६०.३३, आतून १४.७२, फरक ४५.६ किलोन्यूटन. हा फरक तळापासून ०.७७ मीटरवर लागतो, बाहेरच्या पाण्याच्या एकट्या ०.६७ पेक्षा वर. हाच फरक झडप चौकटीवर दाबून ठेवतो. सीलमध्ये गाळ किंवा प्लास्टिक अडकलं तर फटीतून खाडीचं पाणी आत येत राहतं, दोन्हीकडची पातळी जुळत जाते आणि झडप दाबणारं बलच कमी होत जातं. म्हणून पावसाळ्याआधी सील साफ करणं हे नव्या झडपेपेक्षा स्वस्त काम आहे.