सुई लागली, पंचवीस दिवस झाले

प्रश्न: तालुक्याच्या गावी एका खासगी हॉस्पिटलात मी सिस्टर आहे. पंचवीस दिवसांपूर्वी नाइटला एका आजोबांचं रक्त काढून सुईला टोपण लावताना ती बोटात घुसली. बोट पिळून रक्त काढलं, स्पिरिट लावलं. डॉक्टर म्हणाले, "म्हाताऱ्याला काय असणार? विसरून जा." एचआयव्हीच्या गोळ्या आता सुरू करू का? नवऱ्याला बोललेले नाही.

उत्तर: आता गोळ्यांचा उपयोग नाही. त्या 72 तासांच्या आत, खरं तर दोन तासांतच सुरू करायच्या आणि 28 दिवस घ्यायच्या. तो वेळ त्या 'विसरून जा'मध्ये गेला.

पण तुम्ही विचारताय एचआयव्हीचं, आणि मला काळजी हिपॅटायटिस बीची, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीची. एचआयव्ही असलेल्या रुग्णाची सुई लागली तरी हजारात तिघांनाच लागण होते. बी असलेल्या रुग्णाची लागली आणि लस घेतलेली नसली, तर शंभरात सहापासून तिसांपर्यंत! लसीचे तीन डोस झालेत का, हे तुम्ही लिहिलंच नाही. झाले असतील तर टायटर करा, म्हणजे लसीनं रक्तात किती संरक्षण तयार झालंय त्याची तपासणी. 10 किंवा वर आलं की बीची चिंता सोडा. नसतील तर तपासणीचं रक्त देऊन त्याच दिवशी पहिला डोस घ्या. हिपॅटायटिस सी हाही असाच रक्तातून येतो, त्याला लस नाही. पण वेळेत सापडला तर गोळ्यांनी बरा होतो.

आणि म्हाताऱ्याला काय असणार म्हणे! काचेच्या सिरिंजा नीट न उकळता एकाची दुसऱ्याला टोचल्या, त्या याच पिढीला. आजोबांचा पत्ता केसपेपरवर असेल. त्यांच्या संमतीनं तपासणी झाली तर बराच गुंता सुटेल.

तुमची एचआयव्ही तपासणी सरकारी रुग्णालयाच्या आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) मोफत होईल: आत्ता, मग सुई लागल्यापासून सहा आठवड्यांनी, तीन आणि सहा महिन्यांनी. तोवर निरोध वापरा, रक्तदान नको.

नवऱ्याला आजच सांगा. मला सुई लागली तेव्हा मी घरात बोलले नाही, सहा महिने ताट-वाटी वेगळी ठेवली. सासूबाईंना वाटलं, मी रुसलेय. ताटानं काही लागत नाही, हे नर्स असून मला कळत होतं, तरी!

हॉस्पिटलात लेखी नोंद करा. सुई लागल्यावरची औषधं कर्मचाऱ्यांना मिळवून देणं 2017च्या एचआयव्ही कायद्यानं हॉस्पिटलवर बंधनकारक आहे. पुन्हा लागलीच तर साबण आणि वाहतं पाणी, बस; पिळायचं नाही. टोपण तर परत लावायचंच नाही. सुया टाकायचा पांढरा डबा नाइटला खाटेजवळ असतो, की ड्रेसिंग रूममध्ये कुलपात?